रेस दोन तासांची, पोरं उठतात वीस मिनिटांत

प्रश्न : सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये रविवारी प्रोजेक्टरवर फॉर्म्युला वन लावतो. आम्ही चाळिशीपुढचे शेवटपर्यंत बसतो, पण दहावी-बारावीची पोरं वीस मिनिटांत मोबाइल काढतात. काय करावं?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सुरुवात रविवारपासून करूच नका, शनिवारची क्वालिफाइंग दाखवा, म्हणजे रेसला कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी. युरोपातली क्वालिफाइंग आपल्याकडे बहुधा संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि तासाभरात आटोपते. पहिल्या दोन टप्प्यांत सगळ्यात मंद गाड्या बाद होतात, तिसऱ्यात सुटण्याचा पहिला नंबर ठरतो; नवख्यालाही लगेच कळतं. स्प्रिंट रेस १०० किलोमीटरची, अर्ध्या तासाची असते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. मुख्य रेससारखी टायर बदलायची सक्ती नसल्यामुळे बरेचदा नुसती वरात निघते.

मुख्य रेस साधारण ३०५ किलोमीटरची. तिच्यात पहिला गाडीवाला पुष्कळदा एकटाच पळत असतो आणि आपण नेमकं त्याच्याकडेच बघत बसतो. मुलं कंटाळतात ती इथे. क्लब हाऊसमध्ये एक पांढरा फळा लावा आणि त्यावर चौथ्या ते आठव्या नंबरच्या पाच गाड्या लिहा. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी हव्यात : टायरचा रंग (लाल मऊ, पिवळा मध्यम, पांढरा कडक), तो कितव्या लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) घातला, आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर. अंतरं पडद्याच्या डाव्या पट्टीवर येतात. दर पाच लॅपनी फळा मुलांनीच बदलायचा.

आता हिशेब. चाकं अडीच सेकंदांत बदलतात, पण पिटलेनमध्ये (टायर बदलायला ट्रॅकशेजारी जी गल्ली असते तिच्यात) वेग साधारण ८० किलोमीटरवर रोखलेला असतो, त्यामुळे एकूण फटका ट्रॅकनुसार २० ते २५ सेकंदांचा. हा फटका २२ सेकंदांचा धरा. मागची गाडी १८ सेकंदांवर असेल तर पिटमधून बाहेर येताना आपली गाडी तिच्या मागे पडणार. दीड सेकंद मागे असलेला मुद्दाम एक लॅप आधी आत जातो, ताज्या टायरवर तेवढी कसर भरून काढतो, आणि पुढचा पिटमधून निघेपर्यंत त्याच्या पुढे गेलेला असतो. यालाच अंडरकट म्हणतात. तो कोण मारणार यावर मुलांनी आधीच पैज लावावी, वडापावची पुरे.

एखादी गाडी ०.८ सेकंदांवरून अचानक दोन सेकंदांवर गेली तर तिने हार मानली असं समजू नका. पुढच्या गाडीच्या मागची हवा गढूळ असते, तिच्यात पकड कमी मिळते, गाडी घसरते आणि टायर तापतात. ते थंड करायला चालक मागे राहतो.

फसतं कुठे? फोनवरच्या टायमिंगच्या तक्त्यात. स्ट्रीमिंग त्याच्या मागे चालतं, म्हणून ओव्हरटेक पडद्यावर येण्याआधीच कुणीतरी ओरडतं. फोन बाजूला ठेवा. आणि पहिल्याच वेळी मोनॅकोची रेस नको. रस्ता इतका अरुंद की पुढे जायला जागाच नसते. ऑस्टिन, मेक्सिकोच्या रेस आपल्याकडे मध्यरात्रीनंतर असतात, त्याही सोडा.

प्रश्न : फॉर्म्युला वनमध्ये आपला कुणी नाही, म्हणून मुलं बघत नाहीत का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : थोडं तसंच. नारायण कार्तिकेयन २००५मध्ये आला, करुण चांडोक २०१०मध्ये. ग्रेटर नोएडाची रेस २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं झाली. पण एफ-टूमध्ये (फॉर्म्युला वनच्या खालोखालच्या मालिकेत) २०२५ साली मोनॅकोची स्प्रिंट कुश मैनीने जिंकली, ती मुलांना दाखवा. शिवाय तुमच्या दाराशी कारखाना असलेल्या महिंद्राचा संघ फॉर्म्युला ई या विजेवरच्या मालिकेत २०१४च्या पहिल्या हंगामापासून आहे. तिची रेस पाऊण तासाच्या आसपास संपते.

प्रश्न : मोटारींची रॅली बघायला कॉलेजची मुलं येतात, पण तासाभरात परततात. आयोजकांनी काय करावं?
— एक स्वयंसेवक, गंगापूर रोड

उत्तर : रॅलीत गाड्या मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात. धुरळा उडतो आणि कोण पुढे आहे ते कळतच नाही. प्रेक्षकांच्या टप्प्यावर लाउडस्पीकर लावून प्रत्येक गाडीची वेळ आणि आघाडीशी असलेला फरक लगेच सांगा. निकाल संध्याकाळी चिकटवून भागत नाही. माणसं वळणाच्या आतल्या, उंच अंगाला उभी करा. बाहेरच्या अंगाला कुणीही नको, घसरलेली गाडी तिकडेच जाते.