जन्मतारीख राहू द्या, आधी रायटिंगचे साडेसहा बघा

औसा तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आलाय. मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, वाळूजला दहा-अकरा वर्षांपासून एकाच कंपनीत नोकरी, ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसासाठी दीड वर्षापूर्वी एजंटाला दीड लाख दिले, "फाइल लावलीय" एवढंच ऐकून आहेत. कागदावर जन्मतारीख १ जून. या व्हिसासाठी वय, डिग्री, अनुभव, इंग्रजी यांचे पॉइंट मोजतात, आणि येत्या १ जूनला चाळीस पूर्ण होतात म्हणजे वयाचे १० पॉइंट जाणार. आई म्हणते लेकरू दिवाळीच्या आसपासचं, तर कोर्टातून नाहीतर तहसीलमधून खरी तारीख लावून घेतली तर पाच महिने वाढवून मिळतील का?

असं विचारणारे तुम्ही पहिले नाहीत. आपल्याकडं गुरुजींनी पहिलीत नाव घालताना शाळा सुरू व्हायच्या जूनपासून सहा वर्षं मागं मोजली आणि १ जून टाकून दिली, अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. अन्याय आहे हे मान्य. पण आज तुम्हाला त्याचा उपयोग नाही, का ते सांगतो.

दावा लावायचा तर सरकारला आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यावी लागते, तिचेच दोन महिने. तातडी दाखवून नोटिशीशिवाय दावा लावायची परवानगी मागता येते, मिळेलच असं नाही. मग समन्स, लेखी म्हणणं, मुद्दे, साक्षीपुरावा, आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी गैरहजर. जन्मतारखेचा साधा एकतर्फी वाटणारा दावा वर्षानुवर्षं पडून राहिलेला मी पाहिलाय, पक्षकाराचं वय निघून जातं आणि फाइल तिथंच. बरं, जन्मनोंदीचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून एक वर्षापेक्षा उशिरा झालेली नोंद जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशानं होते, म्हणून लोकांना वाटतं तहसीलमध्ये काम लवकर होईल. होईलही. पण दहावीचं सर्टिफिकेट, टीसी, पासपोर्ट, आधार, पीएफ सगळीकडं १ जूनच राहणार, आणि शाळेचं रेकॉर्ड शाळा सोडल्यावर उघड चूक दाखवल्याशिवाय बदलत नाही, आईची आठवण म्हणजे उघड चूक नव्हे. म्हणजे हातात दोन तारखांचे दोन कागद घेऊन तुम्ही परदेशी अधिकाऱ्यासमोर उभे राहणार.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला पब्लिक इंटरेस्ट क्रायटेरिअन ४०२० नावाची अट आहे. खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर व्हिसा नाकारतात आणि पुढची ३ वर्षं तुम्ही अडकता, ओळखीबद्दलच समाधान झालं नाही तर १० वर्षं. ही अट कुटुंबालाही लागते, बायकोचा अर्जही त्यात अडकतो. आणि ४५ व्या वाढदिवसानंतर अर्ज करायचं सरकारी बोलावणंच (इन्व्हिटेशन) येत नाही, तेव्हा तुमच्या वयाला १० वर्षं म्हणजे कायमचंच. रीतसर कोर्टाच्या डिक्रीनं बदललेली तारीख खोटी ठरत नाही हे खरं, पण चाळीस व्हायच्या चार महिने आधी, नेमके पॉइंट वाचतील अशी नवी तारीख आली तर प्रश्न विचारणारच, आणि तुम्ही तरी छातीवर हात ठेवून सांगू शकता का की दिवाळीचीच? पासपोर्टसाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा आपल्याकडं पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली २ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, तोही विसरू नका.

आता मुद्द्याचं. तुम्ही पाठवलेल्या कागदांत मला एक गोष्ट दिसली जी तुम्हाला दीड वर्षात दिसली नाही, आणि पैसे घेणाऱ्यालाही दिसली नाही किंवा त्यानं सांगितली नाही. तुमचा आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर, ओव्हरऑल ७ आहे, पण तिच्या चार भागांपैकी रायटिंगमध्ये ६.५. ऑस्ट्रेलियाच्या पॉइंट टेस्टमध्ये ओव्हरऑल कुणी बघत नाही, चारही भागांत ७ असतील तर १० पॉइंट, चारही भागांत ८ असतील तर २०, आणि एका भागात साडेसहा म्हणजे शून्य. तुमचा हिशेब होता वय २५, डिग्री १५, आठ वर्षांच्या वर अनुभव १५, इंग्रजी १०, झाले ६५, म्हणजे किमान लागतात तेवढे. खरे तुमचे आजच ५५ आहेत. जन्मतारीख दिवाळीची काय, संक्रांतीची केली तरी ५५ च राहणार होते!

सगळं ठरतं ते एका शब्दावर: वय, इंग्रजी, अनुभव हे सगळं इन्व्हिटेशनच्या दिवशी काय होतं तेच मोजतात. पैसे दिले त्या दिवशी नाही, ईओआय टाकला त्या दिवशी नाही, नंतर अर्ज भरला त्या दिवशीही नाही. ईओआय म्हणजे नुसती इच्छा कळवणं, त्याला सरकारी फी नाही, तो अर्ज नव्हे, "फाइल लावली" म्हणणं चूक आहे. इन्व्हिटेशन ३१ मेला आलं तर तुम्ही ३९ चे, २५ पॉइंट कायम, नंतर ६० दिवसांत अर्ज करेपर्यंत चाळीस झाले तरी बिघडत नाही. १ जूनला आलं तर १५. आणि समजा ६५ दाखवलेल्या त्या ईओआयवर तुम्हाला बोलावणं आलंच असतं, तर अर्ज नाकारला गेला असता, साडेचार हजार डॉलरच्या वरची फी गेली असती, कारण दाखवलेले पॉइंट त्या दिवशी खरे नव्हते. ते बोलावणं आलं नाही हे तुमचं नशीबच समजा.

म्हणून ज्या १० पॉइंटसाठी तुम्ही आईला कोर्टात उभं करायला निघालात ते १० पॉइंट रायटिंगमध्ये पडलेत, साडेसहाचे सात करा. जमलं आणि चारही भागांत ८ आले तर आणखी १०, म्हणजे चाळिशीत गेलेलं सगळं तिथूनच भरून निघतं. रिझल्ट इन्व्हिटेशनच्या आधीच्या ३ वर्षांतला लागतो, तुमचा जुना तसाही संपत आलाय. पत्नीनं पण परीक्षा द्यावी, त्यांना चारही भागांत ६ आले की ५ पॉइंट, आणि त्यांचं शिक्षण बघता हे अवघड नाही, त्यांना आजवर कुणी विचारलंच नाही याचं मला वाईट वाटतं.

जूनच्या आत नाहीच झालं तर काय? वय १५, डिग्री १५, अनुभव १५, इंग्रजी १०, पत्नीचे ५, झाले ६०. तिथल्या एखाद्या राज्याचं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, मिळाली तर १९० नंबरच्या व्हिसात ५ वाढून ६५, आणि ४९१ नंबरच्या व्हिसात १५ वाढून ७५. ४९१ हा ५ वर्षांचा, ठरवून दिलेल्या भागात राहायचा व्हिसा, लगेच पर्मनंट नाही. कुठलं राज्य कधी कुणाला घेईल आणि तुमच्या धंद्याला किती पॉइंटवर बोलावतील हे कुणीही छातीठोक सांगू नये, मीही सांगत नाही, ६५ ही नुसती दारात उभं राहायची पात्रता आहे.

दुसरी अडचण स्किल असेसमेंटची, म्हणजे तुमचं शिक्षण आणि काम तपासून घ्यायची. इंजिनिअरांचं ते इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करतं, आणि ते हातात असल्याशिवाय बोलावण्याला अर्थ नाही. भारत वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांच्या देशात मानायच्या करारात, २०१४ ला आला, तुमची डिग्री त्याच्या आधीची, म्हणजे तुम्हाला सीडीआर, म्हणजे स्वतःच्या कामाचा सविस्तर अहवाल, लिहावाच लागणार, त्यात तुम्ही स्वतः केलेल्या कामाचे तीन प्रसंग. एजंटानं तुम्हाला दाखवलेला नमुना मी वाचला, त्यात बॉयलरचं डिझाइन आहे, आणि तुम्ही तर आयुष्यभर प्रेस शॉपमध्ये! फेकून द्या तो. नक्कल पकडली जाते, आणि असेसमेंट करणाऱ्या संस्थेला दिलेला खोटा कागदही त्याच ४०२० मध्ये येतो, एजंटानं केला म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका. तुम्ही डाय बदलायचा वेळ कमी केला ते मला फोनवर दहा मिनिटं सांगितलं होतं, तेच लिहा.

सुरुवातीच्या दोन वर्षांचं, कंत्राटदाराकडं रोख पगार होता म्हणून एजंट पंचवीस हजारांत अनुभवाचं पत्र करून देतोय, त्याला आजच नाही म्हणून सांगा. मोजतात ती शेवटच्या १० वर्षांतली नोकरी, तुमची ती दोन वर्षं त्याच्या कितीतरी आधीची, त्यांची गरजच नाही. एकही पॉइंट न देणाऱ्या कागदासाठी सगळं पणाला लावू नका. आताच्या कंपनीचे फॉर्म १६, पीएफचं पासबुक, पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट एवढं नीट लावा. दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव "नामदेव" आणि पासपोर्टवर "नामदेवराव" आहे, त्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवू, ते किरकोळ आहे.

एजंटाला लेखी विचारा: ईओआयचा नंबर आणि लॉगिन द्या, कुठले पॉइंट दाखवले ते द्या. नावानं ईओआय असेल तर आधी इंग्रजीचे १० काढून दुरुस्त करा, नसेलच तर दीड लाखांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार होते, ५ लाखांपर्यंत तिथं फी नाही, मुदत २ वर्षं, आणि तुमची दीड गेलीयत. पावती नाही म्हणता, तर फोन पेची नोंद आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज डिलीट करू नका, मोबाइल बदलू नका.

या आठवड्यात दोन कामं. परीक्षेची तारीख घ्या, तुमची आणि पत्नीची. आणि एक दिवस रजा टाकून नांदेडला विष्णुपुरीला विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्टचा अर्ज स्वतः द्या, पोस्टानं पाठवू नका, पावती घेऊनच निघा.