सहा महिने दिसत नाहीत, म्हणून नाव खोडायचे?

प्रश्न : जय ख्रिस्त, पाळकसाहेब. आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, गेवराईकडची, चाळीसेक घरांची. त्यातली अकरा घरे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलात परततात. सहा महिने उपासनेला गैरहजर, वर्गणीही थकलेली, म्हणून त्यांची नावे मंडळीच्या मतदार यादीतून काढायचे कमिटीने ठरवले आहे. "नियम सगळ्यांना सारखा," असे पंच म्हणतात. मी सेक्रेटरी आहे, सही मला करायची आहे. काय करू?
— एक भगिनी, जि. बीड

उत्तर : ताई, सही करू नका.

बायबलच्या काळातल्या करिंथ शहराच्या मंडळीत नेमके हेच घडत होते. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला, घरची खाऊनपिऊन असलेली माणसे आधी येत आणि जेवून घेत. ज्यांच्याकडे काहीच नसे ते उपाशी राहत. त्या काळी रविवारची सुट्टी नव्हती. ती रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने ३२१ साली दिली. म्हणजे दास आणि मजूर कामावरून सुटतील तेव्हाच येणार. त्या मंडळीला पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यांना उशिराबद्दल बोल लावत नाही. तो आधी आलेल्यांना झापतो : तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता काय? आणि सांगतो, एकमेकांसाठी थांबा (१ करिंथ, अध्याय ११).

तुमची अकरा घरेही कामावरच आहेत. एक कोयता म्हणजे नवराबायको दोघे, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, एक दिवस मोडला तरी खाडा (दंड) लागतो. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठून मोळ्या भरायच्या. कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहणाऱ्या त्या माणसाला रविवार कुठला? घरी बसून उपासना चुकवणारा आणि हा, दोघांना एकच नियम लावणे मला सारखेपणा वाटत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई-वडील पाझर तलावाच्या कामावर, आम्ही पोरे सुकडीच्या (दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या पौष्टिक खाऊच्या) रांगेत. गावातले चर्च तीन महिने रिकामे होते. तेव्हाचे आमचे पाळक सायकलवर कामाच्या जागी आले, संध्याकाळी मातीच्या ढिगावर बसले. मिलोची (तेव्हा रेशनवर मिळणाऱ्या लाल ज्वारीची) लाल भाकरी मोडली, मनुकांचे पाणी पितळी पेल्यात फिरवले. आईच्या हातांना माती होती. ती हात मागे घेऊ लागली, तेव्हा त्यांनी तो धरून भाकरी ठेवली. प्रभुभोजन म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळले. पुढचे शिक्षण नंतरचे.

वर्गणीचे म्हणाल तर हिशेब मिटला की मे महिन्यात घ्या. वार्षिक सभाही मेमध्येच ठेवा, म्हणजे ती माणसे हजर असतील. यादीत नाव नसले की बाप्तिस्म्याला आणि लग्नाच्या चिठ्ठीला किती हेलपाटे पडतात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. टोळी निघण्याआधीच्या रविवारी प्रभुभोजन ठेवा. डिसेंबरात कारखान्यावर कोणीतरी जा. नाताळच्या दिवशीही तोड बंद नसते, पण अंधार पडल्यावर अर्धा तास मिळतो. आणि ज्यांची मुले मागे आजीपाशी राहिली आहेत, त्यांच्या घरी महिला संघाने दर आठवड्याला डोकावावे.

पंच रागावतील. त्यांच्याशी भांडू नका, बैठकीत करिंथचा तो उतारा मोठ्याने वाचा. बैठकीची तारीख कळवा. जालन्याहून सकाळची बस आहे, मी येतो.