मुळाशी चिखल, तरी ऊस तहानलेला का?

प्रश्न (शिरोळ तालुका): पंचगंगेचं पाणी चार दिवस रानात होतं, आता ओसरलंय. सरीत अजून चिखल आहे, तरी दुपारी उसाची पानं गुंडाळतात. पाणी द्यावं का? युरिया टाकला तर ऊस तरारेल का?

उत्तर: पाणी अजिबात देऊ नका. युरियाही आत्ता नको.

तुमचा ऊस तहानलेला आहे हे खरंच आहे. मुळाच्या पेशीभोवती स्निग्ध पडदा असतो, त्यातून पाणी सावकाश झिरपतं. भरभर आत यावं म्हणून त्या पडद्यात प्रथिनांच्या अतिसूक्ष्म वाटा असतात, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. वाट इतकी अरुंद की पाण्याचे रेणू एकामागून एकच जातात, तरी अशा एका वाटेतून सेकंदाला अब्जावधी रेणू पार होऊ शकतात. पीटर ॲग्रे यांनी ही प्रथिनं आधी माणसाच्या रक्तपेशीत ओळखली. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. पिकांत तर यांचं मोठं गोत आहे, एकट्या भातात तीसहून अधिक प्रकार.

या वाटा उघडतात, मिटतातही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात. मुळांचं नेमकं उलटं. मातीच्या पोकळ्यांत पाणी शिरलं की हवा निघून जाते. प्राणवायू नसला की पेशीतला रस आम्लधर्मी होतो आणि त्या आम्लतेनेच वाटा मिटतात. वर पानं मात्र ऊन पडलं की वाफ सोडतच राहतात. आवक बंद, जावक चालू. म्हणूनच ढगाळ दिवशी हाच ऊस ठणठणीत दिसतो आणि उघडीप पडली की माना टाकतो.

वाटा उघडायच्या तर मुळांना हवा हवी. त्यासाठी कसली बाटली विकत आणू नका. उताराच्या बाजूला चर काढून सरीतलं पाणी बाहेर काढा. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की मग युरिया, सोबत पोटॅश. आधी टाकलात तर नत्र थोडं निचऱ्याबरोबर वाहून जातं, थोडं वायू होऊन उडतं. पिकाच्या वाट्याला फारसं येत नाही.

चार-पाच ठिकाणी उसाचं बेट मुळाशी उकरून पाहा. पांढरी मुळं फुटत असतील तर ऊस सावरेल. शेंड्याचा पोंगा (मधली न उलगडलेली पानं) ओढल्यावर कुजका हातात आला, तर तो ऊस वाढणार नाही, कांड्यांवर पांगशा (बाजूचे कोंब) फुटतील. अशा प्लॉटची माहिती कारखान्याच्या शेती विभागाला आत्ताच द्या.

दुसरा प्रश्न (हातकणंगले): खारवट रानात ओल असूनही ऊस खुजा राहतो. जिप्सम टाकू का?

उत्तर: मिठाने मातीच पाणी धरून ठेवते, शिवाय मुळांतल्या याच वाटा आखडतात. जिप्समचा उपयोग चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या, जमिनीला होतो. खारवट रानाला निचराच लागतो, तोही जमिनीखालून, सच्छिद्र पाइप टाकून. आधी माती तपासा. खारवट आणि चोपण यांत नुसत्या नजरेने फसगत होते.