इंदूरमध्ये फ्री डिशवरचं सह्याद्री आईसाठी रेकॉर्ड करायचंय, कोणता रेकॉर्डर घ्यावा?

वेगळा रेकॉर्डर नकोच. पीव्हीआर (म्हणजे रेकॉर्डिंगची सोय) असलेला एमपीईजी-4 फ्री-टू-एअर (महिन्याचे पैसे न लागणारा) सेट-टॉप बॉक्स आणि 32 जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. नुसतं यूएसबीचं भोक बघून भुलू नका, बऱ्याच स्वस्त बॉक्समध्ये त्यावर फक्त गाणी-सिनेमे चालतात. जेल रोडवर घ्यायला जाल तेव्हा आपला पेनड्राइव्ह सोबत न्या, दोन मिनिटं रेकॉर्ड करून तिथंच लावून बघा. आमच्या घरी असाच बॉक्स आहे: साध्या एसडी चॅनेलचा तास 1 ते 1.5 जीबी खातो, म्हणजे रोज अर्ध्या तासाची मालिका महिनाभर सहज मावते. टायमर लावल्यावर भिंतीवरचं बटण मात्र बंद करायचं नाही (आईला हे चार वेळा सांगावं लागेल). अडचण एकच, ट्यूनर (चॅनेल पकडणारा भाग) एकच असतो. रेकॉर्डिंग चालू असताना दुसरं चॅनेल त्याच ट्रान्सपाँडरवरचं (उपग्रहावरून एकाच लहरीवर येणाऱ्या चॅनेलच्या गटातलं) असेल तरच दिसतं. आणि खोक्यावर डीव्हीबी-एस2, म्हणजे छत्रीवाला, लिहिलेलं बघून घ्या. डीव्हीबी-टी2 म्हणजे अँटेनावाला, दूरदर्शनने 2016 मध्ये इंदूरसह 16 शहरांत सुरू केलेल्या सेवेचा. तो छत्रीला चालत नाही.