ढेकरातून जाणारा चारा आणि वाढता उष्मा: पशुपालकांच्या प्रश्नांना उत्तर

पशुपालकांच्या पत्रांत सध्या दोन प्रश्न वारंवार येत आहेत. पहिला असा, की जनावर गवत खाते आणि गवत हवेतलाच कार्बन घेऊन वाढते, मग आमची गुरे हवा तापवतात हे खरे कसे? दुसरा असा, की उष्मा वाढला की दूध घटते, जनावरे पुन्हा पुन्हा उलटतात, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नाहीत, त्यावर काय करावे? या दोन्हींची मुळे जनावराच्या पोटात एकाच ठिकाणी असल्याने उत्तर एकत्र देत आहे.

पहिल्या प्रश्नातील तर्क अर्धा बरोबर आहे. गवताने घेतलेला कार्बन हवेतच परततो. मात्र त्याचा काही भाग वेगळ्या रूपात परततो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात, चारा आंबताना हायड्रोजन तयार होतो आणि तेथील सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात. हा वायू बहुतांशी तोंडावाटे, ढेकरांतून बाहेर पडतो. तो हवेत सुमारे 12 वर्षेच टिकतो, परंतु तेवढ्यात वजनास वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवतो: 100 वर्षांच्या हिशोबाने सुमारे 27 पट आणि 20 वर्षांच्या हिशोबाने सुमारे 80 पट. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2023 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार मानवी व्यवहारांतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा सुमारे 12 टक्के आहे, आणि त्यात वैरण पिकवण्यापासून वाहतुकीपर्यंत सर्व धरलेले आहे. कोळसा आणि खनिज तेलाचा दोष गुरांच्या माथी मारणे चूक आहे, पण हा 12 टक्क्यांचा वाटा नाकारणेही तितकेच चूक आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. खाल्लेल्या चाऱ्यातील ऊर्जेपैकी साधारण 2 ते 12 टक्के ऊर्जा मिथेनच्या रूपाने निघून जाते, आणि वैरण जितकी जून व निकृष्ट तितका हा तोटा सहसा मोठा असतो. म्हणजे ज्या ढेकराने हवा तापते त्याच ढेकरातून आपण विकत घेतलेला किंवा राबून पिकवलेला चारा उडून जातो. म्हणून चारा पीक फुलोऱ्याच्या सुमारास कापावे, वैरणीची कुट्टी करूनच द्यावी आणि वाळलेल्या वैरणीवर युरिया प्रक्रिया करावी. त्यासाठी 100 किलो वैरणीस 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, वैरण दाबून हवाबंद झाकावी आणि 21 दिवसांनी उघडून थोडा वेळ मोकळ्या हवेत पसरल्यावरच द्यावी. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये, त्याने जनावर दगावते. लहान वासरांना ही वैरण देऊ नये. खुराकातील प्रथिनेही गरजेपुरतीच असावीत, कारण जास्तीचा नत्र मूत्रातून बाहेर पडतो आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा आणखी तीव्र वायू तयार होतो.

मिथेन कमी करणारी खाद्यपूरकेही आता काही देशांत मान्यताप्राप्त आहेत. ती रोजच्या खाद्यात नीट मिसळावी लागत असल्याने चरायला सोडलेल्या जनावरांना फारशी उपयोगी पडत नाहीत, आणि वैरणच निकृष्ट असताना त्यांवर खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

भाकड काळाचाही विचार करावा. शरीर चालवण्यापुरता चारा जनावर दूध देवो वा न देवो, खातेच, आणि ढेकरही देतच राहते. कालवड वेळेवर गाभण राहिली आणि दोन वेतांतील अंतर कमी झाले, तर दर लिटर दुधामागचा मिथेन आपोआप घटतो. शेण पाण्यात साचून कुजले की त्यातूनही मिथेन निघतो. ते बायोगॅस संयंत्रात घातल्यास तोच वायू चुलीत जळतो.

आता उष्म्याचा प्रश्न. चारा आंबताना कोटीपोटातही उष्णता निर्माण होते. बाहेर ऊन वाढले की जनावर ती कमी करण्यासाठी चारा सोडते, रवंथ घटते, लाळ कमी होते आणि पोटातील आम्लता वाढते. दूध घटण्याचे हे एक मोठे कारण आहे. दुपारी सावलीत उभ्या असलेल्या गाईची कूस पाहत मिनिटभर श्वास मोजावेत. ते 60 च्या वर गेले असतील तर तिला उष्म्याचा ताण आहे असे समजावे. अशा दिवसांत चारा पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावा, पचायला हलकी हिरवी वैरण वाढवावी, स्वच्छ गार पाणी चोवीस तास समोर ठेवावे. अंगावर पाणी शिंपडायचे तर गोठा मोकळा असावा किंवा पंखा सुरू असावा. कोंदट गोठ्यात नुसते पाणी मारल्याने दमटपणा वाढून ताण अधिकच होतो. उष्म्यात माज मुका, म्हणजे बाहेरून लक्षणे नीट न दिसणारा, आणि थोडा वेळच राहतो, म्हणून रात्री उशिरा व पहाटे जनावरांवर लक्ष ठेवावे आणि माजाची तारीख लिहून ठेवावी. जनावर तीनदा उलटले असल्यास पुढील रेतनापूर्वी पशुवैद्यकाकडून त्याची तपासणी करून घ्यावी.