कलेचं समाजशास्त्र घेतलंयस? आधी गडकरीला जा

अगं एमएला हा विषय घेतलायस ना, मग नाटक चांगलं की भिकार हा प्रश्न आधी बाजूला ठेव, तो समीक्षकांचा. आपण बघायचं ते घडतं कसं नि कोणासाठी. सुरुवात हॉवर्ड बेकर ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञापासून कर, १९८२ चं ‘आर्ट वर्ल्ड्स’, एकदम सोपं लिहिलंय, हा बेकर स्वतः जॅझ पियानो वाजवायचा. त्याचं म्हणणं एवढंच की कलाकृती एकट्या कलाकाराची नसतेच, ढीगभर लोकांच्या हातातून ती तयार होते.

हे नुसतं वाचून कळणार नाही, त्यापेक्षा रविवारी ठाण्यात तलावपाळीवर गडकरी रंगायतनच्या मागच्या दाराशी उभी राहा, टेम्पोतून फ्लॅट्स, म्हणजे सेटच्या खोट्या भिंती, उतरवणारी पोरं, इस्त्री घेऊन बसलेले कपडेपटवाले, तारखांसाठी फोनवर भांडणारा मॅनेजर, ह्यातला एक जरी आला नाही तरी तिसरी घंटा लांबते.

मग बोर्द्यू, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ. जडच आहे, आणि मला विचारशील तर पहिल्या वर्षी अख्खा वाचायची गरजच नाही. १९६० च्या दशकात त्याने फ्रान्समध्ये बाराशेच्या वर लोकांना आवडीनिवडी विचारल्या, कुठलं संगीत, कुठले चित्रकार वगैरे, आणि दाखवलं की आवड शिक्षण नि वर्गाला चिकटून येते. पण त्याचा पॅरिस उचलून वाशीच्या भावे नाट्यगृहात ठेवू नकोस हां, आपल्याकडे जात मध्ये येतेच, तमाशाला नि संगीत नाटकाला मिळालेल्या मानातला फरक बघ की.

मुलाखती घ्यायच्या तर दुपारच्या प्रयोगानंतर नको, संध्याकाळचा सेट लावायची घाई असते, कोणी उभं करणार नाही.