गाडी बदलण्याआधी ती काट्यावर चढवा

नमस्कार दादा,

तुमचं पत्र आणि सोबतचे बिलांचे फोटो मिळाले. इतर वाचकांना कळावं म्हणून आधी तुमची हकीकत थोडक्यात सांगतो. तुम्ही कराडजवळचे मालक-चालक. गाडी दहाचाकी मालट्रक, २०१२ चं मॉडेल. २०१७ मध्ये जुनी घेतली, तिचं कर्ज फिटलं आहे. कुंभार्ली घाटाने खाली चिपळूण-रत्नागिरीकडे खत, पशुखाद्य न्यायचं आणि येताना जांभा चिरा (बांधकामाचा कापीव दगड) भरून घाट चढायचा, ही नेहमीची खेप. गेल्या दीड वर्षात प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, चार वेळा गेले, त्याला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंग दोनदा, क्लच एकदा, एक एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तुटला आणि शेवटी हाउसिंगमधलं, म्हणजे मागच्या एक्सलच्या डब्यातलं, क्राऊन-पिनियन (शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी). गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स खोलू, हाउसिंग अख्खं बदलू, सव्वातीन लाख लागतील. एजंट म्हणतो, ही साडेचार लाखांना द्या, २०१९ ची साडेअठरा लाखांना घ्या, वरच्या चौदा लाखांचं फायनान्स मी करून देतो. घरात मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली पाच लाखांची एफडी आहे. ती मोडून गाडी दुरुस्त करावी की गाडीच बदलावी, हा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर असं, की आज दोन्ही नको. एफडीला हात लावू नका आणि फायनान्सच्या कागदावर सही करू नका. हे भाग पुन्हा पुन्हा का जातात ते आधी शोधा. त्याला आणि त्यातून निघणाऱ्या किरकोळ कामाला मिळून चाळीस हजारांच्या वर जाऊ नका. कारण न शोधता सव्वातीन लाख घातले तर नवं हाउसिंगही त्याच कारणाने जाईल. कारण न शोधता २०१९ ची आणली तर ते कारण त्या गाडीलाही लागू शकतं, आणि तेव्हा डोक्यावर हप्ता असेल.

आता हिशोब. तुमच्या बिलांची बेरीज मी केली. क्रॉसचे मजुरीसह १८ हजार, सेंटर बेअरिंगचे १५, क्लचचे ३४, एक्सलचे १६ आणि क्राऊन-पिनियनचे बेअरिंग, ऑईल, मजुरी धरून ८२ हजार. एकूण १ लाख ६५ हजार. पण खरा मार पुढे आहे. या कामांसाठी गाडी ३४ दिवस उभी होती, आणि गाडी चालू असते त्या दिवशी डिझेल-टोल-क्लीनर जाऊन तुमच्या हातात ३,८०० रुपये राहतात. म्हणजे १ लाख २९ हजार बुडाले, ज्याचं बिल कुणी फाडलं नाही. दोन्ही मिळून २ लाख ९४ हजार, महिन्याला साधारण १६,३०० रुपये. या आकड्याने तुमची झोप उडाली आहे हे मला समजतं, आणि एजंट नेमका याच आकड्यावर बोट ठेवतो.

त्याच्या गाडीचा हप्ता मात्र पाहा. चौदा लाख, पंधरा टक्के, चार वर्षं. महिन्याला सुमारे ३९ हजार. चार वर्षांत व्याजच ४ लाख ७० हजार. तुमची गाडी बिघाडाचे दिवस वजा जाता महिन्याला २२ दिवस चालते, ८३,६०० येतात. टायर, विमा, टॅक्स, पासिंग, ऑईल यांचे २० हजार काढा, घरखर्चाचे ३५ हजार काढा. उरतात २८,६००. यातून ३९ हजारांचा हप्ता जात नाही. नवी गाडी एक दिवसही बंद पडली नाही असं धरून महिन्याला दोन दिवस जास्त चालवली, तरी सात-साडेसात हजारच वाढतील आणि तीन हजार कमीच पडतील. त्यात टायरचा सेट बसवायची वेळ आली की घरखर्चातून ओढाताण सुरू. दीड वर्ष बिघाड सोसूनही तुम्ही कुणाचे देणेकरी नाही. ही तुमची मोठी जमेची बाजू आहे आणि ती चौदा लाखांच्या कर्जाने घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

एजंटने “व्याजावर टॅक्स वाचतो” असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. तुमच्या बाबतीत ते लागू नाही. तुम्ही विवरणपत्र गृहीत उत्पन्नाच्या पद्धतीने भरता. १२ टनांवरच्या मालवाहू गाडीला एकूण वजनाच्या दर टनामागे महिन्याला हजार रुपये, म्हणजे तुमच्या २५ टनांच्या गाडीला वर्षाला ३ लाख उत्पन्न धरलं जातं. त्या पद्धतीत दुरुस्ती, घसारा, व्याज काहीच वेगळं वजा मिळत नाही. शिवाय नव्या कररचनेत एवढ्या उत्पन्नावर कर शून्यच येतो. नसलेला कर वाचवायला कर्ज कशाला?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मी फिटर नाही. पण ट्रक मालकांचे हिशोब माझ्याकडे येत असतात, आणि बिलं भागांच्या नावाने न लावता तारखेने लावली की पुष्कळ उलगडा होतो. तुमची तशी लावली. पहिला क्रॉस जायच्या तीन महिने आधीचं एक बिल त्यात आहे, पाटेवाल्याचं. मागच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) चढवला, पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घातले. त्याआधीच्या वर्षांत शाफ्टचं एकही काम नाही. त्यानंतर चारपैकी तीन वेळा गेलाय तो मागचा क्रॉस, हाउसिंगच्या तोंडाचा. मग सेंटर बेअरिंग, मग क्लच, मग एक्सल, मग क्राऊन-पिनियन.

जादा पाट्याने मागची उंची बदलते, आणि यू-बोल्ट आवळताना हाउसिंग किंचित जरी फिरलं तरी पिनियनचं तोंड वर किंवा खाली जातं. क्रॉसचा सांधा कोनात फिरतो तेव्हा प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा वेग थोडा कमी-जास्त होत असतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि दोन्हीकडचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असले तर एकाचा हिसका दुसरा खाऊन टाकतो. एका टोकाचा कोन बिघडला की तो हिसका सगळ्या लाईनभर जातो. क्रॉस खातो, सेंटर बेअरिंगचं रबर फाडतो, पिनियनचं बेअरिंग ढिलं करतो. पिनियनच्या सीलमधून ऑईल झिरपतं, हाउसिंगमध्ये ऑईल कमी पडतं आणि क्राऊन-पिनियनचे दाते जातात. तुमच्या बिलांचा क्रम जवळजवळ हाच आहे. दर वेळी जो भाग तुटला तो बदलला गेला. कोन कुणी मोजल्याचं एकाही बिलात दिसत नाही.

तो पाटा का घातला? गाडी मागून खाली बसत होती म्हणून. आणि गाडी का बसत होती? इथे चिऱ्याचा धंदा आडवा येतो. चिरा नगावर विकला जातो, नगावर भरला जातो आणि भाडंही नगावर मिळतं. वजन कुणी विचारतच नाही. तुम्ही लिहिता की एका खेपेला ६०० नग, एक नग तीसेक किलोचा. म्हणजे १८ टन माल. रिकामी गाडी नऊ टन. एकूण २७ टन झाले, आणि आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, आहेत २५. हे कोरड्या चिऱ्याचं झालं. जांभा सच्छिद्र दगड, पावसात पाणी पितो, त्यामुळे जून ते सप्टेंबर तेच ६०० नग आणखी जड. “आता दहाचाकीला साडेअठ्ठावीस टन चालतात” असं तुम्हाला कुणी सांगितलंय. २०१८ मध्ये केंद्राने तीन एक्सलच्या, म्हणजे दहाचाकी, गाडीची मर्यादा २५ वरून २८.५ टन केली, हे खरं. पण तुमचं हाउसिंग, तुमचे पाटे, तुमचा शाफ्ट २०१२ चे आहेत आणि २५ टनांच्या हिशोबाने बनलेले आहेत. तुमच्या आरसीवर आहे तेच तुमचं वजन.

हे जादा वजन तुम्हाला किती मिळवून देतं, ते काढून पाहिलं. २५ टनांत राहायचं तर ५३३ नग बसतात. ६७ नग जास्त, नगाला १८ रुपये, म्हणजे खेपेला १,२०६ रुपये. महिन्याच्या ११ खेपांचे १३,२६६. आणि बिघाडाने जातात १६,३००. सगळा बिघाड वजनामुळेच आहे असं मी म्हणणार नाही, पण हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहाच. त्यात एकदा जरी पकडले गेलात तर दोन टनांना २० हजार अधिक टनामागे दोन हजार, असा २४ हजारांचा दंड आणि जादा माल जागेवर उतरवायचा. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते.

मागच्या वेळी घाट चढताना क्रॉस तुटला आणि शाफ्ट खाली आपटत राहिला, तेव्हा शेजारच्या सीटवर पुतण्या होता, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबलो. चढावर शाफ्ट सुटला की इंजिनाचा आधार त्याच क्षणी जातो, आणि हेलकावणाऱ्या शाफ्टने ब्रेकची हवेची लाईन तोडली तर काय होईल हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. ती लाईन पाहून घ्या आणि शाफ्टखालची सेफ्टी पट्टी जागेवर आहे का तेही पाहा. नसेल तर ती आजच बसवा, बाकी काही ठरायची वाट पाहू नका.

पुढच्या खेपेला नेहमीसारखी भरलेली गाडी वजनकाट्यावर चढवा आणि पावती जपा. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. मग ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार नाही अशा मिस्त्रीकडे किंवा शाफ्ट बॅलन्स करणाऱ्याकडे गाडी न्या आणि त्याला फक्त तपासणीचे पैसे द्या. गिअरबॉक्सच्या तोंडाशी, सेंटर बेअरिंगशी आणि पिनियनशी कोन मोजायला सांगा, गाडी रिकामी असताना आणि भरलेली असताना. शाफ्टवरच्या बाणाच्या खुणा समोरासमोर आहेत का ते पाहायला सांगा. क्लचच्या वेळी शाफ्ट उतरवला होता, चढवताना दातावर दात चुकला असू शकतो. इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर, पाट्यांचे सेंटर बोल्ट, टॉर्क रॉड (एक्सल जागेवर धरणारे दांडे) असतील तर त्यांचे बुश, सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटजवळ चॅसीला चीर, हे सगळं. मागे एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर असतील तर तेही सांगा. दोन्ही बाजूंचा घेर वेगळा असला की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) सतत काम करत राहतं आणि आतली लहान गिअर झिजतात.

तुटलेले भाग भंगारात दिले नसतील तर कृपा करून देऊ नका. क्रॉसच्या खुंटांवर बेअरिंगच्या सुयांच्या स्पष्ट खाचा उमटल्या असतील तर भार किंवा कोन जास्त आहे. खुंट कोरडा आणि तांबूस असेल तर ग्रीस पोचलेलं नाही. एक्सल तुटला ती बाजू उजेडात धरा. सगळीकडे सारखी दाणेदार असेल तर एका झटक्यात तुटला. शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा आणि कडेला थोडाच दाणेदार भाग दिसला तर चीर बरेच दिवस वाढत होती. टोकाच्या दात्यांना पीळ पडला असेल तर ताकदीबाहेर ओढलंय. ऑईल बदलताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर नुसता काळा चिखल आहे की लोखंडाचे चकचकीत तुकडे, तेही पाहा. तुकडे दिसले तर शेवटचं क्राऊन-पिनियनही नीट बसलेलं नाही.

तपासणीत कोन, पाटे, रबर, बॅलन्स असं काही निघालं तर ते करा, चाळीस हजारांत बसेल. हाताशी रोख नसेल तर एफडीवर कर्ज घ्या. बँका ते एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त दराने देतात, आणि एफडी मोडत नाही. मग सहा महिने २५ टनांत गाडी चालवा. वहीत प्रत्येक भागासमोर तारीख आणि किलोमीटर लिहा, उभा राहिलेला दिवसही लिहा. बिलं आणि बुडालेले दिवस मिळून महिन्याला आठ हजारांच्या आत आले तर ही गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होईपर्यंत ठेवा. पुढे पासिंगची फी बरीच चढते, तेव्हा नव्याने पाहू. तोवर महिन्याला दहा हजार वेगळ्या खात्यात टाका, म्हणजे पुढची गाडी घेताना कर्ज चौदा लाखांचं नसेल.

चॅसीला चीर किंवा हाउसिंगचा डबाच वाकलेला निघाला तर मात्र थांबू नका. साडेचार लाखांच्या गाडीत सव्वातीन लाख घालून तिची किंमत पावणेआठ लाख होत नाही. गिऱ्हाईक गाडीचं साल पाहून भाव करतं. अशा वेळी तिचा दोष न लपवता ती द्या आणि २०१९ ची न घेता बजेटात बसणारी लहान गाडी पाहा. हप्ता २० हजारांच्या वर जाऊ देऊ नका. जुनं हाउसिंग जुन्या बाजारातून आणायचा विचार असेल तर रेशो (क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांचं प्रमाण) जुळतो का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि क्राऊन एकाचा, पिनियन दुसऱ्याचा असं कधी बसवू देऊ नका, ती जोडीच असते.

नग कमी केले तर भाडं घटेल, ही तुमची भीती रास्त आहे. त्यावर एक मार्ग दिसतो. चिऱ्याच्या व्यापाऱ्याकडे काट्याची पावती घेऊन जा आणि १८ ऐवजी २० रुपये नग मागा. ५३३ नगांचे १०,६६० होतात, ६०० नगांचे आज १०,८०० मिळतात. खेपेला १४० रुपयांचाच फरक राहतो. पावसाळ्याच्या तोंडावर घरं बांधणाऱ्यांची घाई असते, मागणी तेव्हाच करा. त्याने दीड रुपया वाढवला तरी मला कळवा, पुढचा हिशोब त्या दराने करून देतो.